राष्ट्रगीतात गोंय खंय आसा?

उत्तर गोव्यात मांद्रे-हरमलच्या पट्ट्यात एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी अकरा वर्षं होते. पावसात अंगणात प्रार्थना घेता येत नसे, म्हणून मुलं पडवीतच दाटीवाटीनं रांगा करून उभी राहायची. पागोळ्यांचे शिंतोडे पहिल्या रांगेच्या पायांवर उडायचे. अशाच एका जूनमध्ये राष्ट्रगीत संपलं, मुलं वर्गात शिरली आणि चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी रेंगाळत राहिला.

"बाई, हातूंत गोंय खंय आसा?"

गोवा कुठे आहे, पण कशात, ते मला आधी कळलंच नाही.

"राष्ट्रगीतात. पंजाब आसा, गुजरात आसा, मराठा आसा. गोंय ना."

हजेरी घ्यायची होती, माध्यान्ह आहाराचा आकडा कळवायचा होता. "जा, जाग्यावर बस," एवढंच मी त्याला म्हटलं. ते उत्तर मला आजही टोचतं. नऊ वर्षांच्या त्या पोरानं रोजच्या ओळी कान देऊन ऐकल्या होत्या, नावं मोजली होती आणि त्यात आपलं घर सापडत नाही हे त्याला जाणवलं होतं. मी तेच गीत शाळकरी वयापासून म्हणत आले होते, आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिसरी-चौथीच्या मुलांना राष्ट्रगीत वहीत लिहायला सांगितलं. म्हणताना एकजात सगळी मुलं सुरात असत. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा 'उच्छल जलधितरंग'च्या जागी निम्म्या वह्यांत 'उज्ज्वल जलधी तरंग' होतं, दोघांनी 'जलदी तरंग' लिहिलं होतं. 'उत्कल बंग'चं कुठे 'उत्कल भंग' झालं होतं. 'तव'चं 'तब' झालं होतं. एका मुलीनं 'गाहे' खोडून 'गाय हे' केलं होतं; तिला गायच दिसली असणार. चूक मुलांची नव्हती. जे कानावर पडलं त्यातून अर्थ लागेल असं काहीतरी त्यांनी जुळवलं होतं. गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' आपण मोठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत, ते याच वाटेनं.

शाळांनी मुलांना राष्ट्रगीत शिकवावं का, असा प्रश्न अधूनमधून चर्चेला येतो आणि त्याची उत्तरं 'हो' आणि 'नको' अशा दोन गोटांत पटकन वाटली जातात. माझं उत्तर 'हो' आहे, आणि ठाम आहे. पण 'हो' म्हणणाऱ्या बहुतेकांशी माझं भांडण आहे, कारण आपल्या शाळांत आज राष्ट्रगीत शिकवलं जातच नाही. ते म्हणवून घेतलं जातं. बावन्न सेकंद सावधान उभं राहायचं, ओठ हलवायचे आणि पांगायचं. कविता शिकवताना आपण शब्दार्थ सांगतो, कवीची ओळख करून देतो, प्रश्न विचारतो. जी कविता मूल वर्षाचे दोनशेवर दिवस म्हणतं, तिला मात्र यातलं काहीच नाही.

माझे आजोबा पेडण्याचे. पोर्तुगीज अमदानीत ते सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकले. ऐंशीच्या पुढचे असताना एका दुपारी त्यांनी मला 'एरॉइश दु मार' ही सुरावट गुणगुणून दाखवली होती. 'आ पुर्तुगेझा', पोर्तुगालचं राष्ट्रगीत. हात कडक करून, भिंतीवरच्या तसबिरीकडे तोंड करून म्हणायचं, चुकलं तर पट्टी. मी विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उतरां तोंडांत आसलीं, पूण अर्थ कोणेंच सांगलो ना."

त्या ओळीचा अर्थ 'समुद्राचे वीर' असा आहे. १८९० साली आफ्रिकेतल्या मुलखावरून इंग्रजांनी पोर्तुगालला निर्वाणीची धमकी दिली, त्या संतापात ते गीत लिहिलं गेलं. राजेशाही गेल्यावर १९११च्या जूनमध्ये लिस्बनच्या घटना समितीनं ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं. त्याच १९११च्या २७ डिसेंबरला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांचं 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं. एकाच वर्षी पुढे आलेली दोन गीतं. पेडण्यातल्या मुलाच्या तोंडी त्यातलं पहिलं घालण्यात आलं, आणि त्याच्या नातीच्या तोंडी दुसरं आलं. पहिल्यातला समुद्र जिंकणाऱ्यांचा आहे. दुसऱ्यात समुद्र स्वतःच जागा होतो आणि गातो. पण आजोबांना पहिल्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि माझ्या चौथीच्या वर्गाला दुसऱ्याचा. परक्यांच्या शाळेनं आपल्या माणसांकडून नुसते आवाज काढून घेतले, ते समजू शकतं, तिला त्यांची मनं नकोच होती. आपल्या शाळेनंही तेवढ्यावरच थांबावं, हे मला सहन होत नाही.

मग मी त्या वर्गाला राष्ट्रगीत शिकवायला घेतलं. आठवडाभर, रोज पंधरावीस मिनिटं. व्याकरण शिकवताना आपण विचारतो ना, 'कर्ता कोण?', तिथूनच सुरुवात केली. 'जागे' म्हणजे जागे होतात. 'मागे' म्हणजे मागतात, पाठीमागे नव्हे. 'गाहे' म्हणजे गातात. हे बंगाली क्रियापद आहे, गाय नाही. मग जागं कोण होतं? कोण मागतं? कोण गातं? मुलं शोधायला लागली आणि त्यांना सापडलं की मधली सगळी नावं कर्ते आहेत. पंजाब जागा होतो, गुजरात जागा होतो, उत्कल आणि बंग जागे होतात, विंध्य आणि हिमालय हे डोंगर जागे होतात, यमुना-गंगा जाग्या होतात आणि समुद्राच्या लाटासुद्धा. हे कळलं तेव्हा वर्गात जी कुजबुज झाली ती मी विसरणार नाही. डोंगर गातो ही कल्पना मोठ्यांना कळायला वेळ लागतो, मुलांना लागत नाही.

'उच्छल जलधितरंग' शिकवायला मला काहीच करावं लागलं नाही. शाळेच्या मागे माडांची रांग आणि त्यापलीकडे दर्या. जूनमधला खवळलेला दर्या रात्रंदिवस घुमत असतो. मी म्हटलं, "गप्प राहा आणि ऐका." सगळे गप्प बसले. 'जलधि' म्हणजे पाण्याचा साठा, दर्या. 'उच्छल' म्हणजे उसळणारा. त्यानंतर एकाही वहीत 'उज्ज्वल' आलं नाही.

"अधिनायक म्हणजे पंतप्रधान?" हाही प्रश्न आला, आणि येतोच. अर्थ शिकवायचा तर या प्रश्नाला सामोरं जावं लागतं. कुठल्याही खुर्चीवर बसलेला माणूस या गीताचा नायक नाही. मूळ गीताच्या तिसऱ्या कडव्यात कवी त्याला युगानुयुगांचा सारथी म्हणतात, चौथ्यात स्नेहमयी माता म्हणतात. तो विठोबा आहे का, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, तुला तसा वाटत असेल तर तसा. दुसऱ्याला वेगळा वाटेल. राजे येतील, सरकारं येतील, जातील, आणि हा रथ चालवणारा त्यांच्या वरचा आहे, एवढं चौथीतल्या मुलाला पुरेसं कळतं. आणि ज्याला हे कळलं, त्याला उद्या कोणी 'अमुक नेत्यावर टीका म्हणजे देशद्रोह' असं सांगितलं तर पटणं जरा अवघड जाईल. राष्ट्रगीत अर्थासकट शिकवायला काही जण का कचरतात, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे काहीजण म्हणतील, 'मराठा'मध्ये गोवा आलाच. मी मराठीत वाढले, मराठीत शिकवलं, माझ्या घरातली आरती-भजनं मराठी आहेत. तरीही हे उत्तर मी वर्गात देणार नाही. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात विलीन न होता वेगळं राहण्याचा निर्णय दिला आहे, आणि तो वाद नऊ वर्षांच्या मुलांच्या बाकावर आणून ठेवण्यात मला भलेपणा दिसत नाही. खरं उत्तर सरळ आहे. गीतात गोव्याचं नाव नाही. १९११ साली इथे पोर्तुगालचं राज्य होतं. आसाम, काश्मीर, राजपुताना यांचीही नावं नाहीत, कारण ही कविता आहे, खानेसुमारी नाही. सिंधचं नाव आहे आणि सिंध आज पाकिस्तानात आहे. ते नाव गाळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेली याचिका २००५ साली फेटाळली गेली. देशाच्या सीमा बदलल्या म्हणून कविता दुरुस्त करत नाहीत.

पण एवढ्यावर थांबलं तर मुलाच्या मनातली खंत तशीच राहते. त्या वर्षी गोवा मुक्तिदिनाच्या आधी आम्ही मुलांना पत्रादेवीला नेलं. पेडण्याहून लांब नाही, सीमेवरच आहे. १५ ऑगस्ट १९५५ला शेकडो निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी तिथे कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण मारला गेला. तो लुधियानाजवळच्या इसरू गावचा होता. मुलांना मी एवढंच सांगितलं की हा पंजाबातून आला होता. मग म्हटलं, त्याच वर्षी १८ मे रोजी पुण्याकडून सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रह्यांची पहिली तुकडी घेऊन आले होते. ते कुठले? मुलं म्हणाली, "मराठा." बंगालचे खासदार त्रिदिब चौधरी गोव्यात सत्याग्रह करून इथल्या तुरुंगात महिनोन्‌महिने राहिले. ते कुठले? "बंग!"

ज्याला गोवा म्हणजे काय हे सांगणारं आप्तस्वकीय इथे कोणी नव्हतं, त्या पंजाबी मुलानं पेडण्याच्या मातीवर जीव दिला. गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती, एवढं गोव्याबद्दल त्याला माहीत असेल-नसेल. राष्ट्रगीतात गोव्याचं नाव नाही, पण त्यातल्या नावांच्या मुलखांतून माणसं गोव्यासाठी आली. परतीच्या वाटेवर तो मुलगा बोटांवर हिशेब करत बसला होता. खिडकीपाशी येऊन त्यानं विचारलं, "बाई, उत्कलातलो कोण?"

राष्ट्रगीत शिकवणं म्हणजे मी काय म्हणते, ते एवढंच आहे. त्यासाठी वेगळा विषय नको, वेगळं पुस्तक नको, परीक्षा तर अजिबात नको.

आता आक्षेपांकडे. पालकांच्या एका सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले होते, "बाई, राष्ट्रगीताचा अर्थ विचारायचा नसतो. ते आदरानं म्हणायचं असतं. चिरफाड केली की आदर कमी होतो." माणूस सज्जन होता, तळमळीनं बोलत होता. पण मला अनुभव उलटा आला. ज्या मुलांना 'उच्छल जलधितरंग' कळला होता, ती मुलं त्या ओळीला आपोआप ताठ व्हायची. आदर अज्ञानावर उभा करायचा झाला, तर त्याला सतत पहारा लागतो. घुमट या वाद्यावरची आरती शिकणारं पोर आधी मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतं, चामड्यावर थाप कशी पडते ते बघतं, शब्द विचारतं, चुकतं, कुणीतरी हसून सुधारतं. गोव्यातल्या कुठल्याही गावात आरतीचा आदर या विचारण्यामुळे उणावलेला नाही.

दुसरा आक्षेप माझ्या जास्त जवळच्या माणसांचा आहे. ती म्हणतात, लहान मुलांच्या डोक्यात राष्ट्रभक्ती भरू नये. अठरा वर्षांची झाली की त्यांचं ती ठरवतील. यांच्या भीतीत तथ्य आहे. खुद्द रवींद्रनाथांनी १९१६-१७ साली जपान आणि अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत राष्ट्रवादाच्या उन्मादावर कडक टीका केली होती, आणि राष्ट्रगीताचा कवी राष्ट्रवादाबद्दल सावध होता, हे नववी-दहावीच्या मुलांना कळलंच पाहिजे. पण मुलाला काही शिकवलं नाही म्हणजे त्याचं मन मोकळं राहतं, हे मात्र मला पटत नाही. शाळेनं रिकामी सोडलेली जागा मोबाइल भरतो. दर ऑगस्टमध्ये तोच मजकूर फिरतो, की हे गीत पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिलं गेलं. त्या अधिवेशनात बादशहाच्या गौरवाचं एक वेगळं हिंदी गीतही झालं होतं, आणि काही इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातम्यांनी दोन्हींची गल्लत केली. रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्र लिहून साफ सांगितलं, की युगानुयुगांचा तो सारथी कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही. अफवा कशी जन्मते आणि शंभर वर्षं कशी जगते, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. मूळ गीत पाच कडव्यांचं आहे, आपण पहिलंच म्हणतो, हे ठाऊक असलेलं मूल त्या मजकुराला निदान एक प्रश्न तरी विचारेल.

आणि ते दुसरं कडवं तर गोव्यातल्या प्रत्येक शाळेत वाचून दाखवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्यात 'हिंदु बौद्ध शिख जैन पारसिक मुसलमान ख्रिस्तानी' अशी ओळ आहे. राष्ट्रगीत म्हणून ते कडवं स्वीकारलेलं नाही, त्यामुळे ते प्रार्थनेत म्हणायचं नाही, पण धड्यात वाचायला कुणाची हरकत? ज्या गावात देऊळ आणि इगर्ज, म्हणजे चर्च, एकाच रस्त्यावर आहेत, तिथे एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना कळू द्या की कवीनं आपल्या दोघांची नावं एका ओळीत लिहिली आहेत. गोव्याचं नाव त्या गीतात नसेल, पण गोव्यातली घरं आहेत.

तिसरा मुद्दा सक्तीचा. त्यावर मी बोटचेपी भूमिका घेणार नाही. राष्ट्रगीत सगळ्या मुलांना शिकवावं, आणि एखाद्या मुलाच्या श्रद्धेला ते गाणं मानवत नसेल तर त्याला गप्प उभं राहू द्यावं. हा माझा उदारपणा नाही, हा कायदा आहे. केरळमधली तीन ख्रिस्ती भावंडं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला रोज आदरानं उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. ११ ऑगस्ट १९८६ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी लिहिलं, की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते. ती पातळ करू नका. घटनेच्या ५१-अ कलमात राष्ट्रगीताचा आदर हे पहिल्याच कर्तव्यात आलं आहे, आणि आदर म्हणजे गळ्यातून आवाज काढणं नव्हे, हे त्याच देशाच्या न्यायालयानं सांगितलं आहे. मुलांना राष्ट्रगीताबरोबर हा निकालही शिकवावा. शेजारी गप्प उभा असलेला मुलगा देशाचा शत्रू नाही, हे ज्या शाळेनं शिकवलं, तिनं राष्ट्रगीत पुरं शिकवलं.

कारण नाहीतर काय होतं ते आपण गोव्यातच पाहिलं आहे. २०१६ साली पणजीतल्या चित्रपटगृहात राष्ट्रगीत सुरू असताना एक गृहस्थ उभे राहिले नाहीत म्हणून मागच्या प्रेक्षकांनी त्यांना मारलं. ते गृहस्थ अपंग होते, चाकाच्या खुर्चीवर फिरणारे. उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, आणि माझ्या मनात मारणाऱ्यांच्या शाळांचा विचार आला. त्यांनीही शाळेत दहा वर्षं रोज 'जन गण मन' म्हटलं असणार. त्यांच्याकडून ते कोणीतरी नीट म्हणवून घेतलं असणार, ताठ मान, सरळ हात. जो जनगणांच्या मनाचा नायक आहे, जो सगळ्यांचं दुःख हरतो, त्याच्या नावाचं गीत चालू असताना समोरच्या माणसावर हात उचलायचा नसतो, हे मात्र त्यांना त्या दहा वर्षांत कोणी सांगितलं नसावं.

शेवटची सात वर्षं माझी बदली बार्देशात होती, मांडवीच्या काठाच्या शाळेत. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत आता कोणाची मुलं आहेत, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. गोंयकारांची मुलं इंग्रजी माध्यमात गेली, आणि शाळांच्या पाट्या टिकल्या त्या बांधकामावरच्या, हॉटेलांतल्या, ट्रॉलरवरच्या माणसांच्या मुलांमुळे. गावात त्यांना 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणतात. शब्द साधा आहे, पण शाळेच्या अंगणात मुलं तो ज्या सुरात वापरतात तो सूर मोठ्यांकडून उचललेला असतो.

तिसरीत एक मुलगी होती. वडील मालीम जेटीवर ट्रॉलरवर खलाशी, ओडिशाचे. ती वर्गात बोलत नसे. मराठी तिला अर्धवट कळे, कोंकणी थोडी जास्त. राष्ट्रगीताचा धडा घेताना मी भिंतीवर नकाशा लावला आणि एकेका नावावर मुलांना बोट ठेवायला सांगितलं. 'उत्कल' आलं. कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "उत्कल म्हणजे ओडिशा. आपल्या वर्गात उत्कलातलं कोणीतरी आहे." मुलं इकडे तिकडे बघायला लागली. ती उठली, नकाशापाशी आली, पूर्वेच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथून देश ओलांडून पश्चिमेच्या किनाऱ्यापर्यंत हळूच ओढत आणलं. मला पेडण्याच्या वाटेवरचा तो मुलगा आठवला.

त्या १५ ऑगस्टला तिचे वडील झेंडावंदनाला आले. मासेमारी बंदी उठून दोनच आठवडे झाले होते, पण त्या दिवशी होडी काढली नव्हती. ते पालकांच्या मागे, फाटकाजवळ उभे होते. राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्यांनी खणखणीत आवाज लावला. 'जॉनो गॉनो मॉनो'. पहिल्या रांगेतली दोन-तीन पोरं मान वळवून फिदीफिदी हसायला लागली. त्या मुलीनं खाली पाहिलं.

गीत संपेपर्यंत मी थांबले. मग खाऊ वाटायच्या आधी मुलांना बसवलं आणि सांगितलं, की हे गीत ज्या कवीनं लिहिलं ते बंगालचे. बंगालीत 'जन' असा उच्चार करत नाहीत, बराचसा 'जॉनो' असा करतात, ओडियातही 'अ' तसाच गोल असतो. म्हणजे आज इथे जमलेल्यांत रवींद्रनाथांच्या उच्चाराच्या सगळ्यांत जवळचा उच्चार हिच्या पप्पांचा आहे. आपण म्हणतो तेही बरोबर, ते म्हणतात तेही बरोबर. फाटकाजवळचे वडील, मी काय बोलते आहे ते पुरतं न कळून, हात जोडून उभे होते. मी त्यांना पुढे बोलावलं आणि पहिल्या दोन ओळी नुसत्या बोलून दाखवायला सांगितल्या. त्यांनी दाखवल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत विहिरीच्या कठड्यापाशी सातआठ मुलं तिला घेरून बसली होती. हसणाऱ्यांतला एकजण तिला विचारत होता, "'गुजरात मराठा' तुमी कशें म्हणटात? परत म्हण."